द्राक्षबागेतील घरात कॉकर स्पॅनिअल पाळावा का?

प्रश्न : बागाईतदार, तासगाव तालुका

नमस्कार. आमचे घर गावाबाहेर बागेतच आहे. तीन एकर द्राक्षे आणि घराच्या मागच्या अंगाला बेदाण्याची शेड. आमचा गावठी कुत्रा मागच्या वर्षी वयोमानाने गेला आणि तेव्हापासून अंगण सुने वाटते. आठवीत शिकणाऱ्या मुलीने पुण्याला मावशीकडे कॉकर स्पॅनिअल पाहिला आणि तिला तोच हवा आहे. ही जात झुडपांतून पक्षी उठवण्यासाठी जोपासलेली आहे असे वाचल्यामुळे माझ्याही मनात एक विचार आला. घडांत साखर भरू लागली की साळुंक्या आणि बुलबुल यांचा एवढा उपद्रव होतो की दिवसभर डबा वाजवत एक माणूस फिरवावा लागतो. हा कुत्रा त्या कामी येईल का, रात्रीची राखण करील का आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागेल का? एका विक्रेत्याकडे पाच आठवड्यांचे पिल्लू आहे आणि ते याच आठवड्यात न्यावे असा त्याचा आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : गोडोली, सातारा

माझ्या घरी नऊ वर्षांपासून इंग्लिश कॉकर मादी आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी पक्ष्यांचे. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून पडले. तो पक्षी दाट झाडोऱ्यात जमिनीवर दबून बसतो आणि कॉकर नाक जमिनीला लावून, शिकाऱ्यापासून फार लांब न जाता, वास काढत त्याला उडवतो. तुमची साळुंकी मांडवावर, कुत्र्याच्या डोक्याच्या कितीतरी वर बसते. ती पहिले दोन दिवस दचकेल आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या ओळीत जाऊन निवांत मणी फोडेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे काम उरलेले नाही, परंतु या जातीचे नाक आजही कामाला लावले जाते. २०२१ साली भारतीय लष्कराने कोविडचा संसर्ग वासावरून ओळखणारे जे श्वान दाखवले, त्यांत कॅस्पर नावाचा कॉकर होता. हे मुद्दाम सांगतो, कारण या नाकाला रोज काही काम दिले नाही तर कुत्रा अंगण उकरतो, चपला चावतो आणि आपण त्याला खोडकर म्हणून मोकळे होतो. मुलीने पालापाचोळ्यात खाऊ लपवून तो शोधायला लावणे, हे त्याच्यासाठी उत्तम काम आहे.

राखणीची अपेक्षा ठेवू नका. तो भुंकून वर्दी देईल आणि लगेच पाहुण्यासमोर शेपूट हलवील. राखणीसाठी गावठी किंवा कारवानी कुत्राच योग्य. शिवाय आपल्या भागात ठिकठिकाणी बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे कॉकर रात्री घरातच झोपला पाहिजे.

आता कानांविषयी, कारण या कुत्र्याची निगा म्हणजे निम्म्याहून अधिक कानांची निगा आहे. लांब, केसाळ, लोंबते कान आतली हवा कोंडतात, पावसाळ्यात ओल राहते आणि बुरशी धरते. माझ्या मादीने तिच्या दुसऱ्या पावसाळ्यात डोके झटकायला सुरुवात केली, तेव्हा पाणी गेले असेल म्हणून मी दहा दिवस थांबलो. त्या दिरंगाईची किंमत तिने दोन महिन्यांच्या औषधोपचाराने मोजली आणि मला त्याची आजही खंत आहे. पुढे दिवाळीनंतर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कुसळी गवतातून फिरून आल्यावर तिच्या कानात कुसळ गेले. ते पुढेच सरकते, आपोआप मागे येत नाही. भूल देऊन काढावे लागले. तेव्हापासून फिरून आल्यावर कान, काखा आणि बोटांमधल्या फटी चाचपल्याशिवाय मी तिला घरात सोडत नाही. कानाच्या आतल्या बाजूचे केस बारीक कापलेले ठेवावेत, जेवणाचे भांडे अरुंद तोंडाचे आणि खोल असावे म्हणजे कान बाहेर राहतात, आणि कापसाच्या काड्या कानात कधीही घालू नयेत.

केस दिवसाआड विंचरावेत. उन्हाळा आला म्हणून पाठीवरचे केस मशिनने मुळापासून काढू नयेत, ते पुढे लोकरीसारखे वाढतात. एप्रिल-मेमध्ये पहाटे आणि दिवस मावळल्यावरच फिरवावे. दुपारी पंखा, फरशी आणि पाणी मिळाले तर तो उन्हाळा सहज काढतो.

उत्तर २ : पशुवैद्यक, मिरज

कानांविषयीचे वरील म्हणणे योग्यच आहे, परंतु तुमच्या घरापुरता पहिला प्रश्न कानांचा नसून बेदाण्याचा आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे असे अलीकडे मानले जाते. किती प्रमाण सुरक्षित हे ठरवता येत नाही; एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी दगावतो. बेदाण्यात पाण्याचा अंश कमी असल्याने धोका अधिक. पहिल्या दिवसात उलट्या होतात, कुत्रा मलूल होतो आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात आणावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, त्याने वेगळाच अपाय होतो. कॉकर हा जमिनीवर पडलेले हुंगून खाणारा आणि अतिशय खादाड कुत्रा आहे, हे लक्षात घेऊन शेडचा विचार करावा. फवारणीनंतर बागेतून चालून आलेला कुत्रा पाय चाटतो, तेव्हा त्या दिवशी त्याला बागेत सोडू नये. चुकून गेलाच तर पाय धुवावेत.

पाच आठवड्यांचे पिल्लू घेऊ नका. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू चावण्याची मर्यादा शिकत नाही. लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करावी, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी, आणि शेतात उंदीर असल्याने लेप्टोस्पायरोसिसची लस टाळू नये. गोचिडांचे औषध वर्षभर चालू ठेवावे.

प्रश्नकर्ता

आपले दोघांचेही मनापासून आभार. बेदाण्याचे आम्हाला खरोखर माहीत नव्हते. आमचा जुना कुत्रा शेडमध्येच झोपत असे. विक्रेत्याला आज नकार कळवला. घर आणि शेड यांच्यामध्ये कमरेएवढी जाळी ठोकली तर पुरेल का? आणि पुढे पिल्लू पाहायला गेल्यावर नेमके काय विचारावे?

उत्तर ३ : बागाईतदार, पलूस

कमरेएवढी जाळी चालेल, परंतु खालची कड वीतभर जमिनीत गाडा, कारण हे कुत्रे वरून उडी मारण्याआधी खालून उकरतात. आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम संपल्यावर शेडची जमीन झाडून घेतली तरी महिनाभर फटींतून दाणे निघत राहतात, म्हणून फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावली आहे. घड उतरवण्याच्या दिवसांत मजुरांची ये-जा असते आणि फाटक उघडे राहते. त्या दिवसांत कुत्रा घराच्या पुढच्या अंगणातच ठेवतो.

उत्तर ४ : गोडोली, सातारा

पिल्लाआधी त्याची आई पाहायला मागा. ती अनोळखी माणसाला घाबरून मागे सरत असेल किंवा गुरगुरत असेल तर पिल्लू कितीही गोजिरे असले तरी परत या. मग जनुकीय तपासणीचे अहवाल मागा. इंग्लिश कॉकरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक विकार आढळतो आणि मूत्रपिंडाचाही एक असाच विकार आहे, ज्यात कुत्रा दोन वर्षांचा होण्याच्या आतच जाऊ शकतो. दोन्ही विकार पिल्लात उतरण्यासाठी दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून दोघांपैकी एकाचा अहवाल निर्दोष असला तरी पिल्लू त्या विकारापासून वाचते. केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, आरोग्य सांगत नाही. ते पुढे करून अहवालाचा विषय टाळला जात असेल तर दुसरा पैदासकार पाहा. शेवटी पिल्लाचे कान उलटून हुंगा. निरोगी कानाला आंबूस वास येत नाही.