पालखी आमच्या दारात थांबवायची की नाही, हे ठरवणार कोण?

वाडीतला_थोरला:
गाव रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. मी नोकरीनिमित्त ठाण्यात, आईबाबा गावी. धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या समाजातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. गावकीची बैठक बसली. २५,००० दंड आणि देवळात नारळ ठेवून माफी, असं पंचांनी ठरवलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. "पोराने चोरी केलेली नाही, माफी कसली?" एवढंच बोलून उठून आले.

तेव्हापासून वाळीत. तोंडाने तसं कोणी म्हणत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाबांचा नंबर काढला. देवळाच्या दुरुस्तीची वर्गणी पाठवली, ती पाकिटासकट परत आली. शेजारची काकू अजून विरजण देते, पण मागच्या पडवीतून, काळोख पडल्यावर.

हे सगळं चालवून घेतलं. शिमग्याचं जमत नाही. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. यंदा आईने अंगण सारवलं, रांगोळी घातली, खण-नारळ-तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि आमच्या गडग्यापाशी आल्यावर खांदेकऱ्यांनी चाल वाढवली. त्यात एक माझा वर्गमित्र. मान खाली घालून गेला. ढोल पार खालच्या आळीत पोचला तरी आई ताट घेऊन तिथेच.

हा गुन्हा होतो का? होत असेल तर देवीच्या बाबतीत पोलीस ठाण्याची पायरी चढावी का? भाऊ म्हणतो, गावकी सोड, देव मनात असतो. बाबा म्हणतात, गप्प बसा. मला दोघांचंही पटत नाही.

काळा_कोट:
गुन्हा होतो. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये एकमताने केला, जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धार्मिक कार्यात किंवा मिरवणुकीत सहभागी होण्यापासून अडवणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मंडळ नोंदणीकृत नसलं म्हणून पंच सुटत नाहीत. पोलिसात जा, नाहीतर थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते.

परत आलेलं पाकीट फेकलं नाहीत ना? त्यावर कोणाचं अक्षर असेल तर सोन्याहून पिवळं. ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट जपा. वकील म्हणून एक सांगून ठेवतो: "पालखीचा मार्ग ही देवस्थानची परंपरा, त्यात सरकारचा संबंध काय," हा बचाव येणार.

खालची_आळी:
मी गावकीत बसतो. तुमच्या नाही, आमच्या. वकीलसाहेबांनी कलमं सांगितली, बरं झालं. पण रात्री २ वाजता म्हातारं माणूस गेलं तर तिरडी बांधायला सरकार येतं का? गावकीच येते. पाण्याची लाईन गावकीने श्रमदानाने ओढली. पंचांचं चुकलं असेल, दंड कमी करून घ्या, नारळ ठेवा, विषय संपवा. शिपाई पुढे घालून आणलेली पालखी तुमच्या आईला तरी चालेल का?

वाडीतला_थोरला:
काका, दंड २५ रुपये केलात तरी बाबा देणार नाहीत. आणि तिरडीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, बाबांना तीच धास्ती आहे. स्वतःची.

पेठेतला:
वकिलांनी म्हटलेला बचाव हवेतला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखांनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ मतांनी तो रद्द केला. धार्मिक कारणावरून एखाद्याला पंथाबाहेर काढणं हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग, म्हणजे घटनेच्या कलम २६ चं संरक्षण, असं बहुमत. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये प्रकरण ९ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवलं गेलं. थोडक्यात, कलम २५ माणसाला धर्माचं स्वातंत्र्य देतं आणि २६ त्याच्या पंथाला. दोघं एकमेकांच्या अंगावर आले की काय करायचं, याचा घोळ सत्तर वर्षांचा.

तुमची गावकी मात्र पंथ नाही, आणि भावाच्या लग्नाने देवीच्या पूजेत काही बिघडलेलं नाही. माझ्या मते तो निकाल इथे लागू पडत नाही.

(वाळीत टाकणं म्हणजे अडाण्यांचं काम असं समजणाऱ्यांसाठी: १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, झालं होतं. रानडे आणि टिळक, दोघेही त्यात अडकले. हायकोर्टाच्या पायरीवरचे रानडे, त्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. सरकारी हुद्दा घरच्या पंगतीत उपयोगी पडला नाही.)

माहेरवाशीण:
दादा, माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, हेच झालं. आम्ही तक्रार केली. साहेबांनी पंचांना बोलावून घेतलं, कागद लिहून झाला, पुढच्या शिमग्याला पालखी आली. गुरवाने ओटी घेतली. पण खांदेकरी पाणी प्यायले नाहीत. गूळ-पाण्याचा तांब्या भरलेला तसाच आत नेला मी. तरी तक्रार केल्याचा पस्तावा नाही, कारण त्या वर्षापासून किराणावाला भावाला सामान देऊ लागला आणि पुतणीच्या बारशाला चार घरं आली. सरकारकडून मिळालं ते एवढंच. गावात आमच्यासारखंच अडकलेलं अजून एखादं घर असेल, ते आधी शोधा. आम्ही एकटे होतो, ते नडलं.

वाडीतला_थोरला:
ताई, तांब्याचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, "नाही प्यायले तर नाही प्यायले, ओटी तर पोचली ना?"

अडकलेलं घर आहे, वरच्या आळीत. विधवा बाई, दिराशी जमिनीची केस चालू आहे, तिचीही वर्गणी घेत नाहीत. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन तिच्याकडे जातोय. पोलिसांचं बाबा अजून नको म्हणतात. पण गावकीच्या अध्यक्षांना रजिस्टर पोस्टाने पत्र लिहायला तयार झालेत: वर्गणी का परत केली, लेखी कळवा. चार ओळींना दोन तास लागले. पाकीट सापडलं, देव्हाऱ्यामागे होतं. आईने त्यातल्या पैशांना हात लावलेला नाही.