मदत हवी आहे: अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) रॅकूनची मादी व्यायली आहे, पिल्लांसकट बाहेर कसं काढू?

नमस्कार. आम्ही टोरांटोत स्कारबरोला राहतो. घर जुनं, एकमजली. रॅकून म्हणजे इथला मांजराहून थोराड, रात्री हिंडणारा केसाळ प्राणी. गेला आठवडाभर रात्री साडेनऊच्या सुमाराला छतावर धप्प आवाज येतो आणि पहाटे उजाडायच्या आधी पुन्हा. आधी वाटलं खार असेल. पण खारीची धावपळ दिवसा चालते आणि पावलं हलकी असतात. हे जड आहे, सावकाश चालतं. माझी आई रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आली आहे, तिची खोली बरोबर त्या जागेखाली. परवा सकाळी तिनेच सांगितलं, "अगं, वर पिल्लं आहेत. रात्रभर किरकिरत होती."

रविवारी रात्री मादी बाहेर गेल्यावर नवऱ्याने कपाटातल्या झडपेतून बॅटरीने पाहिलं. इन्सुलेशन (थंडी अडवायला घातलेला मऊ थर) दाबून केलेल्या खळग्यात चार पिल्लं एकमेकांवर झोपलेली होती, डोळे बहुतेक मिटलेलेच. हात लावला नाही, लगेच झडप लावली. भोकही सापडलं. गॅरेजचं छप्पर मुख्य छपराच्या कडेला जिथे मिळतं, तिथला सॉफिटचा (छपराच्या पुढे आलेल्या कडेखालचा) पत्रा वाकवून तिने वाट केली आहे. बाथरूमच्या पंख्याची नळी फाडली आहे आणि एका कोपऱ्यात विष्ठेचा ढीग आहे.

एका माणसाला बोलावलं होतं. तो म्हणाला, पिंजरा लावू, मादी लांब नेऊन सोडू, त्याच दिवशी भोक बंद. पिल्लांचं विचारलं तर म्हणाला, ती दोन-चार दिवसांत गप्प होतील. ऐकून पोटात कालवलं. त्याला परत पाठवलं. नंतर शोधल्यावर कळलं की आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पकडलेला रॅकून २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. म्हणजे 'लांब नेऊन सोडणं' कायद्यातही बसत नाही.

आमच्या आजोळी माळ्यावर कांडेचोर (उदमांजर) यायचा. कौल सरकवून शिरायचा, फणस-आंब्याचे दिवस सरले की जायचा आणि आजोबा कौल परत बसवायचे. इथे तसं कौल सरकवून भागत नाही. पण त्या बाईला बाळांपासून तोडायचं नाही, एवढं आमचं नक्की आहे.

मला विचारायचंय ते असं. पिल्लं चालायला लागेपर्यंत थांबावं, की आत्ताच तिला दुसरीकडे जायला भाग पाडता येतं? एकाच बाजूने उघडणारं दार (बाहेर पडता येतं, परत आत येता येत नाही) कधी लावायचं? भोक बंद करायच्या आधी आत कोणी उरलं नाही याची खात्री कशी करता? आणि विष्ठेचं काय करू? घरात दोन वर्षांची मुलगी आहे. २०१५ साली हॅमिल्टनकडच्या रॅकूनमध्ये रेबीज सापडला होता, तीही धास्ती आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (मिसिसागाहून)

ताई, दोन वर्षांपूर्वी अगदी हेच आमच्याकडे झालं, म्हणून लिहिते. एकमार्गी दार आत्ता अजिबात लावू नका. पिल्लं आत आणि आई बाहेर राहिली, तर ती छप्पर दुसरीकडे फाडून आत शिरेल. पिल्लं साधारण आठ-दहा आठवड्यांची झाली की आईच्या मागे बाहेर पडू लागतात, ते दार तेव्हाचं. तोवर थांबायची तयारी असेल तर तोच सगळ्यांत सोपा मार्ग, जुलैत मोकळे व्हाल.

थांबणं शक्य नसेल तर तिची जागा तिला नकोशी करायची. रॅकूनच्या मादीच्या माहितीत एकाहून जास्त बिळं असतात. आम्ही झडपेपाशी एक लख्ख दिवा आणि फक्त बोलण्याचे कार्यक्रम लागणारा रेडिओ ठेवला, दोन्ही दिवसरात्र चालू. दिवा इन्सुलेशनला टेकू देऊ नका. अमोनियाचे बोळे किंवा डांबराच्या गोळ्या कोणी सुचवतील, त्या नकोत. त्या वासात पिल्लं गुदमरतात आणि वास तुमच्याच घरात उतरतो. आमची मादी तिसऱ्या रात्री हलली. एकेक पिल्लू मानेला धरून नेलं, दोन रात्री लागल्या. पाऊस किंवा गारठा असेल त्या दिवशी सुरू करू नका. ती दिवसा दिसली तरी लगेच पिसाळली असं समजू नका, अंगावर पिणारी पिल्लं असली की आई दिवसाही खायला निघते. मात्र झोकांड्या खात असेल किंवा माणसाला बुजत नसेल, तर जवळ न जाता ३११ ला (महापालिकेच्या मदत क्रमांकावर) फोन करा.

आवाज थांबला की भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैल कोंबा. कोरड्या हवेत दोन-तीन रात्री ते जसेच्या तसे राहिले तरच जागा रिकामी. त्याआधी स्वतः वर जाऊन कान देऊन ऐका. चुकून एखादं पिल्लू राहिलं तर खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून, संध्याकाळी ते भोकाखाली भिंतीशी ठेवा. आई शोधत येते.

जाळी लावताना कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, ती हाताने उसवतात. १६ गेजची, वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या. स्टेपलने नाही, वॉशर घालून लाकडात स्क्रूने बसवा. छपरावरचे व्हेंटही (हवा खेळायची तोंडं) जाळीने झाका. घरावर आलेल्या फांद्या छाटा.

विष्ठेबाबत फार जपा. त्यात बेलिसअ‍ॅस्कॅरिस नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ती दोन ते चार आठवड्यांनी बाधक होतात, लहान मुलांना धोका जास्त आणि ब्लीचने ती मरत नाहीत. कोरडं झाडू नका. एन-९५ मास्क, हातमोजे, आधी हलकं पाणी शिंपडा, मग माखलेलं इन्सुलेशन पिशवीत बांधून काढा. वापरलेल्या अवजारांवर उकळतं पाणी ओता. मुलीला त्या दिवशी कोणाकडे तरी ठेवा. अडलंच तर टोरांटो वाइल्डलाइफ सेंटरचा सल्ला घ्या.

धागाकर्ती

मनापासून आभार, ताई. आई ऐकल्यावर म्हणाली, "जुलैपर्यंत मी बैठकीत झोपेन, काय बिघडतं?" पण फाटलेल्या नळीतून बाथरूमची वाफ थेट अ‍ॅटिकमध्ये जातेय, लाकूड कुजायची भीती वाटते. म्हणून दिवा आणि रेडिओ लावला. पहिल्या दोन रात्री ती ढिम्म हलली नाही.

काल, चौथ्या रात्री, गॅरेजसमोर गाडीत बसून पाहत होतो. सव्वादहाला ती तोंडात पहिलं पिल्लू धरून पत्र्यावरून उतरली आणि मागच्या मेपलकडे गेली. दीडपर्यंत तीन झाली. चौथं अजून वर आहे, आज सकाळी आईने आवाज ऐकला. रेडिओ बंद केलाय, दिवा तेवढा ठेवलाय, म्हणजे ती बिचकणार नाही. जाळी आणून गॅरेजात ठेवली आहे, आज रात्री तरी भोक उघडंच राहील.