मदत हवी आहे: आईला घेऊन पहिल्यांदाच टोकियो, शाकाहार आणि गुडघे सांभाळून

नमस्कार मंडळी,

आईला (वय 69) घेऊन टोकियोला जायचं ठरवतेय. सात दिवस, आम्ही दोघीच, टूर कंपनी नाही. दोघींचीही जपानची पहिलीच वेळ.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवायची. होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही बेटं पुस्तकात न बघता फळ्यावर काढायची. फुजीची उंची 3776 मीटर, हे आजही विचारल्याबरोबर सांगते. निवृत्त झाली तेव्हा "एकदा तो फुजी डोळ्यांनी बघायचाय" एवढंच म्हणाली होती. मधली वर्षं बाबांच्या आजारपणात गेली. आता न्यायचंच आहे.

अडचण खाण्याची. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मागे एका टूरबरोबर युरोपला गेलो तेव्हा रोज भारतीय जेवण देऊ म्हणाले होते. प्रत्यक्षात चार दिवस ती ब्रेड-बटर आणि घरच्या चकल्यांवर होती. एका रात्री जाग आली तर ही बाथरूममध्ये, बेसिनच्या गरम पाण्यात मेतकूट कालवतेय. मला कळू नये म्हणून दिवासुद्धा लावला नव्हता. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

शिवाय गुडघे. सपाटीवर अर्धा तास चालते, पण जिना उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते.

राहायचं कुठे? एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला जावं की नोव्हेंबरमध्ये? घरचा छोटा राइस कुकर नेऊ का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

ताई, मी नऊ वर्षं टोकियोतल्या निशिकासाई भागात राहतोय, माझी आईही दोनदा येऊन गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुकर नेऊ नका. इथे वीज 100 व्होल्टची, आपला 230 चा कुकर नीट तापतच नाही. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल.

खाण्यातली खरी गोम म्हणजे दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, वरवर निव्वळ भाजी दिसणारा पदार्थ, सगळ्यात ते असतं. "मांस नको" म्हटलं तरी दाशी येतेच, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाही. म्हणून मांस, मासे, अंडं आणि माशाची दाशी चालत नाही, हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. लोक मनापासून वाचतात, जमत नसेल तर स्पष्ट सांगतात.

रोजचा आधार म्हणजे कोन्बिनी, चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं. शिजवलेला साधा भात पॅकेटमध्ये मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतो. बिनसाखरेचं दही घ्या, डब्यावर 無糖 लिहिलेलं असतं. त्यात घरचं मेतकूट आणि लोणचं. माझी आई पहिले दोन दिवस यावरच खूश होती. हॉटेल घेताना मायक्रोवेव्ह आहे ना, तेवढं विचारा.

एक दिवस निशिकासाईला या. 2000 सालच्या सुमारास, वाय-टू-केच्या संगणकी कामांसाठी भारतीय इंजिनियर इथे आले आणि तोझाई या मेट्रो लाइनमुळे ऑफिस जवळ पडतं म्हणून राहिले. डाळ, कणीक, मसाले, गरम चपाती, सगळं मिळेल.

राहायला टोकियोतला उएनो भाग बघा, शिंजुकू नको. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत, एक चुकलं की आईंना उगाच अर्धा तास जास्तीची चाल. नारिता विमानतळाहून स्कायलायनर ही जलद रेल्वे थेट उएनोला येते, सुमारे पाऊण तास, सीट राखीव. प्रत्येक स्टेशनात शिरताना आधी लिफ्टचं दार कुठलं ते नकाशात पाहा. लिफ्ट असते, पण बऱ्याचदा एखाद्याच दाराशी. सुईका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड काढा, म्हणजे रोज तिकिटाच्या मशीनपुढे उभं राहावं लागणार नाही.

प्रतिसाद 2

फुजी बघायचा तर नोव्हेंबरचा शेवट. एप्रिलमध्ये हवा धुरकट, पर्वत दिवसचे दिवस दिसत नाही. थंडी सुरू झाली की सकाळचं आकाश धुतल्यासारखं असतं. उएनो-ओकाचिमाची स्टेशनहून ओएदो मेट्रो लाइनने थेट तोचोमाए स्टेशन. तिथे टोकियो सरकारच्या इमारतीत 45 व्या मजल्यावर, 202 मीटर उंचीवर, फुकट बघता येतं. लिफ्ट आहे. सकाळी लवकर जा, दुपारी ढग येतात.

आणि सर्दीची गोळी नेणार असाल तर त्यात स्यूडोएफेड्रिन किती आहे ते पाहा, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये बंदी आहे. गुडघ्यांची औषधं एका महिन्यापुरतीच, प्रिस्क्रिप्शनसह.

प्रतिसाद 3

वरच्या दोघांना अनुमोदन. आईंना असाकुसा भागात न्याल तेव्हा सेन्सोजी हे मोठं बौद्ध देऊळ बघून झाल्यावर पंधरा मिनिटं पुढे मात्सुचियामा शोदेन या देवळात नक्की न्या. तिथला देव म्हणजे आपला गणपती, जपानीत शोतेन. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, पण देवळात जिकडेतिकडे मुळ्याची चित्रं कोरलेली, आणि नैवेद्यही पांढऱ्या मुळ्याचा. देऊळ टेकाडावर आहे, पण वयस्कर लोकांसाठी छोटी रेल्वे बसवलीय, जिना चढायचा नाही. माझ्या सासूबाईंनी तिथे हात जोडून अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारची जपानी आजी ते संपेपर्यंत डोळे मिटून उभी होती.

उएनोच्या तळ्यातलं बेनझाइतेन म्हणजे सरस्वती. उएनोत राहिलात तर ते हॉटेलपासून चालत.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा नक्की केला. उएनोत मायक्रोवेव्हवालं हॉटेल मिळालं, स्टेशनच्या लिफ्टचं दार समोरच.

आईला सगळं वाचून दाखवलं. तोचोमाएचं ऐकून तिने नकाशाचं पुस्तक काढलं आणि फुजी टोकियोच्या नैर्ऋत्येला, म्हणजे कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते ठरवून टाकलं. गणपतीचं ऐकून विचारतेय, घरच्या परसातला मुळा नेता येईल का?

प्रतिसाद 3

ताजी भाजी विमानतळावर काढून घेतात, नेऊ नका. मुळा देवळातच मिळतो, तोच आईंच्या हातून वाहा.