मदत हवी आहे: फॉरेन्सिक तपासाच्या गेममधलं खरं किती धरायचं?

नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगी अकरावी सायन्सला. दिवाळीच्या सुट्टीपासून ती लॅपटॉपवर गुन्ह्याच्या तपासाचा एक सिम्युलेशन गेम खेळतेय आणि आता म्हणते, बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्सच करायचं. मला त्यात वावगं काही वाटत नाही. पण तिला ते काम आवडलंय की नुसता गेम, हे मला नीट कळायला हवं.

परवा रात्री तिच्या शेजारी बसून एक पूर्ण केस पाहिली. जागा म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर. तिने आधी चारही कोपऱ्यांतून फोटो काढले, मग एकेका वस्तूजवळ नंबरची पट्टी, शेजारी मोजपट्टी आणि पुन्हा फोटो. हातमोजे न घालता कपाला हात लावला तर गेम गुण कापतो. हे बघून मला मनापासून बरं वाटलं. हात लावायच्या आधी थांबायचं, ही सवय आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना लावताना किती बोलावं लागतं ते मला माहीत आहे.

मग तिने दिवे बंद करून फरशीवर ल्युमिनॉल फवारलं. निळा डाग उजळला आणि स्क्रीनवर आलं, ‘रक्त सापडले’.

“माणसाचं की कोंबडीचं?” मी विचारलं.

“अगं आई, निळं चमकलं ना!”

इथे माझं अडलं. ल्युमिनॉल रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे चमकतं, पण फरशी ब्लीचने पुसलेली असली तरी चमकतं. ती पहिली चाळणी. रक्त आहे का, असलं तर माणसाचं का, हे पुढच्या चाचण्यांवर ठरतं आणि गेममध्ये त्या चाचण्याच नाहीत. डीएनएचा निकाल दीड मिनिटात आला. खरं तर डीएनए वेगळं काढा, पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेने) वाढवा, मग वाचा, एकेका टप्प्याला तास जातात. पण वेळेचं मी सोडून देते, तेवढा वेळ धरून गेम कोण खेळेल?

मला जास्त लागलं ते वेगळंच. कप उचलला की आपोआप पिशवीत जातो आणि पिशवीवर लेबलही आपोआप लागतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या एका ठिकाणी, मी दोन पेशंटचं रक्त घेतलं, नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि लेबलं नंतर टेबलावर बसून लावली. दोन्ही जांभळ्या झाकणाच्या, दोन्ही सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या. अदलाबदल झाली. एका आजोबांचं हिमोग्लोबिन एकदम सहावर कसं आलं म्हणून डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. मशीन बरोबर, नमुना बरोबर, फक्त नाव चुकलेलं. तेव्हापासून पेशंट समोर असताना, त्याच्या तोंडून नाव ऐकूनच मी लेबल लावते. फॉरेन्सिकमध्ये याच जागी पंचनामा येतो, पंचांच्या सह्या, सील, मुद्देमाल कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्याची नोंद. ही साखळी तुटली तर चोख डीएनए रिपोर्टही कोर्टात लंगडा पडतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने आणायची आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आलं. ही मुलगी कामाला लागेल तेव्हा नोंदी वाढलेल्याच असतील.

गेम बंद कर असं मला म्हणायचं नाही. त्याच गेमचा आधार घेऊन तिला ही बाजू शिकवता येईल का? ठसे घेणं, जुळवणं त्यात दाखवतात तसंच असतं का? आणि बारावीनंतर मुंबईत वाट कोणती?

प्रतिसाद:

ताई, मी मुंबईतच फॉरेन्सिकमध्ये बी.एस्सी. केलंय. ठशांचं आधी सांगतो. गेममध्ये ब्रश फिरवला की अख्खा ठसा उमटतो आणि कॉम्प्युटर ‘जुळला’ म्हणतो. प्रत्यक्षात मिळतो तो बहुतेक वेळा अर्धामुर्धा, फरपटलेला. कॉम्प्युटर जवळपासच्या ठशांची यादी काढून देतो, निर्णय माणूस देतो. माणूसही चुकतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर एफबीआयने ठसा जुळला म्हणून एका अमेरिकन वकिलाला ताब्यात घेतलं, ठसा दुसऱ्याचाच निघाला. हे मुलीला नक्की सांगा. आणि हेही सांगा की अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ मध्येच कोलकात्यात सुरू झालं आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

घरी करून बघा: स्टीलचा पेला, पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, मऊ ब्रश, सेलोटेप. गेम खेळताना शेजारी वही ठेवायला लावा. वस्तू कुठे होती, दोन पक्क्या जागांपासून किती अंतरावर, किती वाजता, कुणी पाहिली. मग ती वही वाचून तुम्ही वस्तू शोधायची, तिने बोलायचं नाही.

शिक्षणासाठी मुंबईत शासकीय इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक सायन्स आहे, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. केमिस्ट्री किंवा बायोलॉजी घेऊन पुढे प्रयोगशाळेत शिरणारेही असतात, तेव्हा अकरावीत घाई नको.

धागाकर्ती:

खूप आभार, दादा. काल संध्याकाळी केलं. पेल्यावरचे पहिले तीन ठसे पुसट आले, चौथ्यात रेषा मोजता आल्या आणि तिने तो टेपसकट वहीत चिकटवला. नंतर घरातच चमचा ठेवून तिने नोंद लिहिली: ‘ओट्यावर, डावीकडे’. मी विचारलं, कुणाच्या डावीकडे? तिने ती ओळ खोडली, खाली सही केली आणि शिवणाच्या डब्यातून टेप काढून ओटा मोजायला घेतला.