शब्दचर्चा : 'निधी' म्हणायचं की 'कर्ज'?

खटावकर : आमच्या ग्रामसभेपुढं बाजारतळावर गाळे बांधायचा विषय आहे. सूचनेत लिहिलंय, 'जिल्हा ग्रामविकास निधीतून निधी उपलब्ध करून घेणेबाबत'. पारावर सगळे 'निधी आला' म्हणून खूश आहेत. ग्रामसेवकांना विचारलं तर ते म्हणाले, हप्ते भरावे लागतील. मग याला निधी म्हणायचं की कर्ज? ठरावात कोणता शब्द लिहावा?

जमाखर्च : कर्ज. त्या वाक्यात 'निधी' दोनदा आलाय आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिला निधी म्हणजे साठा. संस्कृतातही निधी म्हणजे ठेव, ठेवा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १३३ प्रमाणे प्रत्येक पंचायत आपल्या उत्पन्नाचा ०.२५ टक्के भाग जिल्हा परिषदेकडच्या या साठ्यात भरते आणि गरजू पंचायतींना त्यातून कर्ज मिळतं. साठ्याचं नाव निधी, हातात पडतं ते कर्ज. दुसऱ्या जागी 'निधी' लिहिलं की फेडीची गोष्ट वाक्यातून गळूनच जाते.

मिरज पूर्वभाग : पण आमच्याकडं रस्त्याला 'नाबार्डचा निधी' म्हणतात, आणि त्याचा एकही हप्ता गावानं कधी भरला नाही. तिथं तर निधी बरोबर ना?

जमाखर्च : गावापुरतं बरोबर. पण तेही कर्जच आहे, फक्त कर्जदार वेगळा. नाबार्डचा, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेचा, ग्रामीण पायाभूत विकास निधी १९९५-९६ पासून आहे. त्यातून राज्य शासन कर्ज घेतं आणि पहिली दोन वर्षं सवलतीची (तेव्हा मुद्दल फेडायची नसते) धरून सात वर्षांत फेडतं. रस्ता गावाचा, फेड मुंबईची. पंचवीस-पंधरातून, म्हणजे शासनाच्या ग्रामविकासाच्या २५१५ या खर्चाच्या शीर्षातून, काम झालं तर गावाला काहीच फेडायचं नसतं. ते अनुदान. म्हणजे 'निधी' हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या व्यवहारांना लावतो. मला हे साधं ढिसाळपण वाटत नाही. यात लोकांचं नुकसान आहे, कारण फेडीसाठी घरपट्टी वाढली तर ती का वाढली हे त्यांना पुढं कळतच नाही.

ओळखायला एक खूण सांगतो. कागदावरच्या लेखाशीर्षाचा, म्हणजे शासनाच्या हिशेबातल्या खात्याच्या चार आकडी क्रमांकाचा, पहिला आकडा पाहा. २ किंवा ३ असेल तर महसुली, म्हणजे चालू खर्च; ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे नवं काही उभं करण्याचा. म्हणून ३०५४ मधून रस्त्याची डागडुजी होते आणि ५०५४ मधून नवा रस्ता. ६ किंवा ७ दिसला की समजा, कर्जाचा मामला. त्यातही ६००३ आणि ६००४ ही शासनानं स्वतः काढलेल्या कर्जांची शीर्षं आहेत. त्यापुढची, ७६१५ पर्यंतची, शासनानं दुसऱ्यांना दिलेल्या कर्जांची.

वाळव्याची वाचक : माझं लक्ष क्रियापदाकडं जातं. निधी 'येतो', 'पडतो', 'आणला' जातो, वापरला नाही तर 'परत जातो'. कर्ज 'काढतात', 'उचलतात', 'फेडतात', नाहीतर ते 'थकतं'. ऊसतोडीच्या टोळीची 'उचल', म्हणजे कामाआधी घेतलेली रक्कम, आपल्या भागात कुणाला समजवावी लागत नाही, कारण फेड त्या शब्दातच आहे. सरकारी मराठीतला 'अग्रिम' (आगाऊ दिलेली रक्कम) हा शब्द मात्र गावात कुणाच्या तोंडी नाही. फलकावर 'निधी आणला' लिहिलं की कुणीतरी दिलं असं वाटतं. 'कर्ज काढले' लिहिलं तर माणूस थांबून वाचेल.

कृष्णाकाठ : 'रोखे' हा शब्दही या चर्चेत हवा. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये झालं आणि त्यानं लोकांकडून रोखे विकून पैसा उभा केला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना त्याच महामंडळाकडच्या. रोखा हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ चिठ्ठी. आपण 'कर्जरोखा' म्हणतो तोच. त्या रोख्यांना शासनाची हमी होती. कर्ज आणि हमी यांतही गल्लत होते. हमी देणारा पैसे देत नाही, कर्जदार थकला तर भरायची जबाबदारी घेतो.

माणदेशी : जुनी माणसं विहिरीसाठी 'तगाई' म्हणायची. तोही सरकारी कर्जाचाच शब्द ना?

जमाखर्च : हो. मूळ अरबी-फारसी 'तकावी', म्हणजे बळ देणं. विहीर, ताली-बांध यांसाठी १८८३ चा कायदा होता आणि बी-बैलांसाठी १८८४ चा. तगाई म्हटलं की ती फेडायची हे सगळ्यांना ठाऊक असायचं. उलट आजचं पाहा. केंद्र शासन २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं आणि योजनेचं नाव आहे 'विशेष सहाय्य'. व्याज नाही, पण मुद्दल आहेच.

खटावकर : पण कर्ज हा शब्द ऐकला की गाव बिचकतं. विषयच बारगळला तर?

वाळव्याची वाचक : दादा, बिचकू दे की. मग लोक विचारतील, गाळ्यांचं भाडं किती येणार, हप्ता किती, उरेल किती. गाळ्यांना भाडं आहे, म्हणून कर्ज काढण्यात काही कमीपणा नाही. स्मशानभूमीच्या शेडसाठी काढायचं असतं तर मी स्वतः नको म्हटलं असतं.

जमाखर्च : ठरावात असं लिहा : 'बाजारतळावर गाळे बांधण्यासाठी जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज घेणे, व त्याची मुद्दल व व्याजासह परतफेड गाळ्यांच्या भाड्यातून करणे, भाडे अपुरे पडल्यास ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून करणे.' शेवटचा 'स्वनिधी' राहू द्या. तो खरोखरच तुमचा आहे, घरपट्टी-पाणीपट्टीचा.