भाऊबंदांच्या मेळाव्यात जुने फोटो कसे जमवायचे?

कृष्णाकाठ, वाई: दिवाळीच्या सुट्टीत सगळे भाऊबंद वाईला जमणार आहेत. घरोघरचे लग्न-बारशांचे जुने फोटो त्याच दिवशी उतरवून सगळ्यांना पाठवायचेत. काही फोटो अल्बमच्या चिकट पानांवर घट्ट बसलेत. कसं करावं?

माणदेशी: ओढून काढू नका, कागद सोलवटतो. दात साफ करायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. हललाच नाही तर पानासकट स्कॅन करा. स्कॅनर 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांवर ठेवा, म्हणजे मोठा करून छापला तरी फुटत नाही. मोबाईलच असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर. तिरका धरला की चौकट एका बाजूला निमुळती होते.

सांगलीकर: खरं काम नावांचं आहे! कडेला परकर-पोलक्यात उभी असलेली पोर कोण, हे एखाद्या आत्यालाच ठाऊक असतं. थोरल्यांना जेवणाआधी बसवा, जेवल्यावर डोळे मिटायला लागतात. एकेक फोटो हातात द्या, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहाच, नाहीतर पुढच्या पिढीला नातं जुळवता येत नाही. मागे मऊ पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटो ज्या पाकिटात ठेवाल त्यावर लिहा.

माणदेशी: आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर तो आकाराने लहान होतो, बारीक चेहरे पुसट होतात.