दीपगृह, कंदील, लांबून दिसणारे दिवे : आपल्या खान्देशातल्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

धरणगावची नात

लेकीला शाळेतून चित्र काढायला सांगितलं होतं, विषय समुद्रकिनारा. तिनं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह काढलं, त्याला दारच नव्हतं. मी म्हटलं, अगं मग नाना आत कसे जातील? तिला काही कळेना. तिला सांगायला बसले आणि रात्रीची जेवणं लांबली.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, दीपगृहावर नोकरीला होते. घरची कोरडवाहू शेती, गिरणेचा पूर सोडला तर मोठं पाणी कधी पाहिलेलं नाही, आणि नोकरी लागली ती थेट समुद्रावर. गावात लोकांना पटायचंच नाही. पारावर कोणीतरी हमखास विचारायचं, "समुद्रात कंदील लावायचा सरकार पगार देतं का हो नाना?" नाना शांतपणे म्हणायचे, देतं बुवा.

बरीच वर्षं जयगडला काढली. तिथलं दीपगृह 1932 चं, ओतीव लोखंडाचं. आईचं लहानपण तिथलंच. वाऱ्याचा आवाज आत कसा घुमतो ते ती अजून तोंडानं करून दाखवते. नाना सांगायचे, जुन्या दीपगृहांत भिंगांचा भलामोठा पिंजरा पाऱ्यावर तरंगत ठेवलेला असायचा, त्यामुळे टनांचं वजन असूनही बोटानं ढकललं तरी फिरायचा. मोटर नव्हती तेव्हा घड्याळासारखी यंत्रणा. जड वजन वर चढवून ठेवायचं, ते हळूहळू खाली उतरत राहतं आणि भिंग फिरत राहतं. खाली टेकायच्या आत पुन्हा चावी द्यायची. रात्रभर हेच. आणि दिवसा काचांना पडदे ओढायचे, कारण ऊन त्या भिंगातून उलटं आत आलं तर आतलं सामान पेटायचं.

सुट्टीवर गावी आले की त्यांना झोप नसायची. अंगणात बाज टाकून बसायचे, लांब रस्त्यावर ट्रकचा उजेड दिसला की ओठ हलायचे. सेकंद मोजायचे! प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते, किती वेळानं किती झोत येतात त्यावरून खलाशाला कळतं आपण कुठल्या किनाऱ्याला आहोत. आजी आतून म्हणायची, "मोजा मोजा, आता काही ट्रक खडकावर जात नाही."

आपल्याकडे समुद्र नाही, पण असा लांबून दिसणारा एखादा दिवा प्रत्येकाकडे असेल. लिहा ना. दंतकथा, आजीच्या गोष्टी, काहीही चालेल.

भुसावळकर

काय भो, सकाळी सकाळी डोळे ओले केले. आजीचं वाक्य लई आवडलं.

माझे वडील रेल्वेत. यार्डात रातपाळी असायची. तेव्हा सिग्नलचे हात वर-खाली होणारे, आणि त्यात रॉकेलचे दिवे. लॅम्पमन म्हणून वेगळा माणूस असे, तो शिडी चढून दिवे भरायचा, वात कापायचा. हिरवी काच जवळून पाहिली तर चक्क निळसर असायची, कारण आतली ज्योत पिवळी. निळी नि पिवळी मिळून लांबून हिरवं दिसतं. बाबांनी मला एकदा काच हातात देऊन दाखवलं होतं, काठाला काजळी, मधे अंगठ्याचा ठसा. बाकी नंतर लिहितो, नळाला पाणी आलं.

केळीवाली

दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या विसरला का भुसावळकर भाऊ!! मुक्ताईनगरकडून येताना अंधारात ते लाल दिवे दिसले की आई पिशव्या आवरायला घ्यायची. भुसावळ यायला वेळ असायचा पण तिला धीर नसायचा.

भुसावळकर

विसरेन कसा. ते विमानांसाठी असतात हे फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं आमच्यासाठीच लावलेत.

जिभाऊ शिंदखेडा

ताई भारी लिखं. माले मन्हा बाप याद उना. सांजले खयामा कंदील टांगी ठेये, म्हने कोनी वाट चुकना तं दिखाले जोयजे.

पांझराकाठ

कोनतं गाव तुमनं जिभाऊ?

जिभाऊ शिंदखेडा

बेटावदकडे.

पांझराकाठ

मन्हं आजोळ शे बेटावदनं! महाशिवरात्रले मुडावदले येतस का?

जिभाऊ शिंदखेडा

दर साल. तापी-पांझराना संगमवर बठीसन भाकर खातस आम्ही.

सातपुडा

तळोद्याकडचा आहे. आमच्याकडे अस्तंबा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी भागातलं शिखर आहे, 1300 मीटरच्या वर. धनत्रयोदशीच्या सुमाराला यात्रा निघते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तिन्हीकडचे आदिवासी बांधव येतात. रात्रीची चढण. खालून बघितलं की डोंगरावर उजेडाची वाकडी रेघ हळूहळू वर सरकताना दिसते. आता हातात बॅटऱ्या आणि मोबाइल, माझ्या आजोबांच्या वेळी पलिते असायचे.

वर अश्वत्थामा. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो डोंगरात तेल मागत हिंडतो अशी गोष्ट आहे. आणि त्याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त जवळचा वाटतो. जंगलात कोणी वाट चुकलं तर तोच येऊन वाट दाखवतो. आजोबा सांगायचे, धुकं उतरलं, सोबतची माणसं पुढं निघून गेली, आणि एक उंच माणूस काही न बोलता पुढं चालत राहिला. पायवाट लागली तेव्हा कोणी नव्हतं. मी कधी खरं-खोटं विचारलं नाही. शाप भोगत असलेला माणूस दुसऱ्याला वाट दाखवतो यावर आमच्या घरात सगळ्यांचा विश्वास आहे, माझाही.

केळीवाली

अंगावर काटा आला. आमच्याकडे तेल मागायला आलेल्याला आजी परत पाठवायची नाही, "कोण असेल सांगता येतं का" म्हणायची. आज कळलं ते कुठून आलं.

धरणगावची नात

सातपुडा दादा, किती सुंदर लिहिलंत. लेकीला वाचून दाखवलं, आता तिला अस्तंब्याला जायचंय.

सुरतवासी

मी उधन्याला राहतो, मूळचा अमळनेर तालुक्यातला. आमच्या गल्लीत निम्मा खान्देश आहे, कानबाईला रोट इथेही होतात.

आई पहिल्यांदा सुरतला आली तेव्हा तिला डुमसला नेलं. ती समुद्राकडे बघेना, तापी कुठून येते ते विचारत राहिली. मी दाखवलं, पलीकडे हजिऱ्याच्या बाजूला दिवे लागले होते, म्हटलं त्या मधून येते. मुलताईपासून सातशेवर किलोमीटर चालत आलेली आपली तापी इथे संपते. आई म्हणाली, संपते काय म्हणतोस, सासरी आली. मग पदराच्या गाठीतला रुपया काढून पाण्यात टाकला आणि त्या दिव्यांकडे बघून हात जोडले. मी विचारलं दिव्यांना का? म्हणे, लेक परक्या घरी येते तेव्हा दारात दिवा असावा लागतो.

आई जाऊन बरेच दिवस झाले. संचे (यंत्रमाग) बंद असले की मी अजून जातो तिकडे.

पांझराकाठ

🙏

केळीवाली

भाऊ 🙏🙏 काय बोलावं कळत नाही.

विज्ञानवाले सर, धुळे

नानांच्या भिंगाबद्दल थोडं सांगतो, वर्गात शिकवायला मला फार आवडणारा विषय आहे. एवढा झोत टाकायला साधं भिंग घेतलं तर ते इतकं जाड आणि जड होईल की मनोऱ्यावर चढवणं अशक्य. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं भिंगाची मधली निरुपयोगी जाडी काढून टाकली आणि फक्त वाकलेला पृष्ठभाग कड्याकड्यांमध्ये मांडला. 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्डुआन दीपगृहावर ते पहिल्यांदा बसलं. त्याआधी आरसे वापरायचे, बराचसा उजेड वाया जायचा. नंतर जगभर हीच भिंगं गेली. फ्रेनेल पुढं चार वर्षांत वारला, वय चाळिशीच्या आत. त्याच्या भिंगामुळे किती जहाजं वाचली असतील याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

आणि उंची का लागते तर पृथ्वी गोल आहे म्हणून. बुटका दिवा कितीही तेजस्वी असला तरी क्षितिजाखाली जातो. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला प्राँग्ज रीफ दीपगृह आहे, 1875 चं, 40 मीटरच्या आसपास उंच. ओहोटीला खडकांवरून तिथपर्यंत चालत जाता येतं असं आहे, पण भरतीची वेळ पाहिल्याशिवाय कोणी पाऊल टाकू नये.

21 सप्टेंबर हा आपल्याकडे दीपगृह दिवस. 1927 साली दीपगृहांचा कायदा झाला त्याची आठवण.

धरणगावची नात

सर, खूप आभार. पडद्यांचं कारण आता लेकीला नीट समजावता येईल.

चाळीसगाव एक्स्प्रेस

दीपगृह नाही पण मनोरा म्हटलं की मला फरकांडे. एरंडोल तालुक्यातलं. झुलते मनोरे, एकाला हलवलं की दुसरा हलायचा म्हणतात. काका पाठीवर घेऊन वर चढले होते. आता एकच उरलाय. त्यावर कधी दिवा लावत होते का कोणाला माहीत आहे?

भुसावळकर

दिव्याचं नाही ऐकलं. पण मनोरा हलताना पोटात गोळा यायचा असं आमची आत्या सांगते. पद्मालयला गेलं की फरकांडे करूनच यायचे ते लोक.

चाळीसगाव एक्स्प्रेस

पद्मालयचं तळं, कमळं... वाह. येताना एरंडोलला शेवभाजी.

केळीवाली

शेवभाजीचा विषय काढू नका, आज एकादशी आहे माझी.

किल्लेवेडा

खांदेरीवर जाऊन आलोय, थळहून बोटीनं. किल्ला आणि दीपगृह एकाच बेटावर. दीपगृह 1867 चं, अष्टकोनी. बेटावर एक दगड आहे, दुसऱ्या दगडानं ठोकला की भांड्यासारखा खणखणतो, मी स्वतः वाजवलाय. वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोकांचा फार मोठा भाव. आमच्या बोटीचा तांडेल देवळापुढे पाच मिनिटं डोळे मिटून उभा होता, त्याशिवाय परतीची दोरी सोडली नाही.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे आणि आपलं साल्हेरही. एक पाण्यात, एक आभाळात. मला फार आनंद झाला होता त्या दिवशी.

पांझराकाठ

साल्हेर नाशिक जिल्ह्यात येतं ना?

किल्लेवेडा

जिल्हा नाशिक, पण बागलाण आपलंच. बोली ऐका तिथली.

यावलची सून

घाईत लिहितेय, दूध तापतंय.

आमच्याकडे थ्री फेजची लाईट बरीच वर्षं रात्रीच यायची. सासरे आणि हे केळीला पाणी भरायला जायचे, बारा-एकला. बिबट्याची भीती, सापांची भीती. सासूबाई मागच्या ओट्यावर बल्ब लावून ठेवायच्या आणि तो गेला तर कंदील. कंदिलाची काच रोज दुपारी राखेनं पुसायच्या, आतून फडकं फिरवताना हात अडकू नये म्हणून बांगड्या वर सरकवून. मला काम करू द्यायच्या नाहीत, म्हणायच्या काच फुटली तर चालेल, पण डाग राहिला तर तिकडून मंद दिसेल आणि ते समजतील घरी सगळी झोपली.

पुरुष मंडळी दिसायची नाहीत पण त्यांची बॅटरी दिसायची. दोनदा उघडझाप म्हणजे पाणी सुरू झालं, सगळं ठीक. मग आम्ही आडव्या व्हायचो. वरचं नानांचं मोजणं वाचलं आणि हे आठवलं. आता मोटर मोबाइलवरून चालू होते, सगळ्यांची झोप होते, फार बरं झालं.

जिभाऊ शिंदखेडा

बहिनाई, तुमनी सासूले मन्हा दंडवत सांगा.

यावलची सून

सांगते. आत्ता शेजारी बसून वाल सोलताहेत, कोण दंडवत घालतंय म्हणून विचारताहेत 😊

गडावरची वारी

चैत्रात पायी वणीच्या गडावर जातो आम्ही धुळ्याहून. ऊन टाळायला रात्री चालायचं. पाय सुजलेले असतात आणि एका वळणावर गडाचे दिवे दिसतात, मग कोणीतरी "अंबे माते की" म्हणतं आणि मागून सगळी दिंडी ओरडते. त्यानंतरही खूप चालायचं असतं पण पाय दुखत नाहीत. आमच्याकडे गड म्हणजे माहेर, बाया रडतात दिवे दिसले की. माझी वहिनी दर वर्षी रडते.

चाळीसगाव एक्स्प्रेस

धरणगावची नात, जयगडला जायचं म्हणतोय दिवाळीत, पोरांना घेऊन. दीपगृह आतून बघू देतात का? आणि आमच्या घरी कोणी मासे खात नाही, जेवणाची सोय होईल का

धरणगावची नात

पर्यटकांना संध्याकाळच्या ठरावीक वेळेत सोडतात बऱ्याच ठिकाणी, पण जाण्याआधी चौकशी करून जा. जेवणाची काळजी नको, गणपतीपुळे जवळ आहे, तिथे शाकाहारी भरपूर मिळतं. कळण्याचं पीठ बरोबर न्या मात्र, आई नेहमी न्यायची. वर चढताना लहान पोरांना पुढं ठेवा आणि मोठ्यांनी मागून यायचं, नाना असंच करायचे.

चाळीसगाव एक्स्प्रेस

धन्यवाद ताई. पीठ नक्की.

केळीवाली

सातपुडा दादा, अस्तंब्याला बायका जातात का? आम्ही तिघी-चौघी आहोत.

सातपुडा

आधी कळवा, आमच्या घरचे सोबत असतील, तेव्हा निघा. तळोद्याला मुक्काम आमच्याकडे करा. बूट घट्ट घाला, पाणी जास्त घ्या, रात्री वर फार थंडी असते तेव्हा शालीवर भागणार नाही, घोंगडी आणा.